गुडघ्याखालची उशी

मी मालिशवाली नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे, की दारावर पाटी लावायची झाली तर नावाऐवजी हेच लिहावं लागेल. सरकारी दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून घरोघर जायला लागले. आजही दार उघडणारा माणूस मला बघतो आणि आत वळून सांगतो, "मालिशवाली बाई आली." मग कुणीतरी तिळाच्या तेलाची वाटी कोमट करून आणतं. ती वाटी मी परत पाठवते आणि तिथूनच माझं डोकं तापायला सुरुवात होते.

संपादकांनी पत्रात लिहिलं, अनुभव हलकेफुलके असू द्या, दिवाळीचा अंक आहे. प्रयत्न केला, पण जमत नाही. गेल्या वर्षी हर्सूलच्या एका बाईंच्या बाबतीत मी चुकले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. निम्मा लोकांवर आहे, निम्मा स्वतःवर. तो बाहेर काढल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

आधी आमचं काम समजून घ्या. गुडघा बदलतात म्हणजे सर्जन हाडांची झिजलेली टोकं कापतो आणि त्यांच्यावर धातूच्या टोप्या बसवतो. दीड-दोन तासांत हे उरकतं, फोटो निघतात, सर्जनला पेढे मिळतात. पण तो गुडघा अजून त्या माणसाचा झालेला नसतो. तो पूर्ण सरळ होणं आणि पुरेसा वाकणं, हे पुढच्या सहा आठवड्यांत घरीच घडायचं असतं. त्यातही वाकण्यापेक्षा सरळ होणं महत्त्वाचं, नाहीतर माणूस जन्मभर लंगडतो. गंमत अशी, की ताज्या गुडघ्याला जरासं वाकून राहायला आवडतं, कारण तसं कमी दुखतं. म्हणून घरची प्रेमळ माणसं काय करतात, तर गुडघ्याखाली मऊ उशी देतात. पेशंटला बरं वाटतं, आणि त्या उशीवर गुडघा वाकडाच्या वाकडा आवळून बसतो. मी आल्या आल्या उशी काढते आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनानं खाली जातो. ते दुखतं. त्यामुळे मी सगळ्या घरांत वाईट ठरते.

दवाखान्यातून सुटी देताना पेशंटच्या हातात व्यायामाचा एक कागद देतात. इंग्रजीत. ज्या बाईनं ऑपरेशनच्या संमतीला अंगठा उठवला, तिलाच हा इंग्रजी कागद आपण देतो, आणि याची लाज कुणाला वाटत नाही. शिवाय त्या कागदानं घरात आणखी एक माणूस गृहीत धरलेला असतो. वॉकर पुढं सरकवणारा, पाणी तापवणारा, सिलिंडर बदलणारा. एकट्या राहणाऱ्याच्या घरात तो माणूस नसतो, आणि तो नसेल तर काय करायचं हे कागदावर कुठंच नसतं.

क्रांती चौकाजवळ एक निवृत्त प्राध्यापक होते, एकटेच. त्यांनी तो कागद वाचला, समजून घेतला आणि भिंतीवर मोठा तक्ता लावला. वार, व्यायाम, वेळ, आणि समोर बरोबरच्या खुणा. परदेशातल्या मुलीला रोज फोनवर तक्ता दाखवायचे, मुलगी टाळ्या वाजवायची. मी गुडघा मोजला तर आठवडाभरात तो रेसभरही पुढं सरकलेला नाही. मग नीट बघितलं, तेव्हा गुरुवारच्या खुणा मंगळवारीच झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता स्वतःला पैकीच्या पैकी देत होते. मी पेन जप्त केलं. ते महिनाभर माझ्याशी फटकून वागले, पण आता चौक ओलांडून पेपर आणायला जातात. अशी माणसं सोपी असतात. व्यायाम न करता केला म्हणून सांगतात, एवढंच.

कोंडाबाईंनी याच्या उलट केलं, आणि ते ओळखायला मला चार आठवडे लागले.

शहराच्या कडेला, हर्सूलला जेलच्या पुढं दोन पत्र्याच्या खोल्या, समोर अंगण, अंगणात पाच शेळ्या. कोंडाबाई सदुसष्ट वर्षांच्या, धनगराच्या. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मेंढरांमागं चालण्यात गेली. नवरा वारल्यावर इथंच एकट्या राहिल्या. एकुलता एक मुलगा एकनाथ चाकणला कंपनीत, बायको-मुलांसह चौथ्या मजल्यावर. ऑपरेशननंतर आठ दिवस तो आईजवळ राहिला, मग रजा संपली. जाताना माझ्याशी स्पष्ट बोलला. आईला गाव सोडायचं नाही, मलाही जबरदस्ती करायची नाही. पण सहा आठवड्यांत ती स्वतःचं स्वतः करायला लागली तरच ती इथं राहील. नाही तर शेळ्या विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि तिला चाकणला न्यायचं. मला ते रास्त वाटलं. कोंडाबाई खाटेवर पडून ऐकत होत्या.

माझी वेळ दुपारी चारची, एक दिवसाआड. पहिल्याच दिवशी गेले तर खाटेभोवती आठ बायका. भोवती सफरचंदं, शहाळी, बिस्किटांचे पुडे. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि आजाऱ्यानं बघण्यासारखं दिसणं हे त्याहून मोठं कर्तव्य आहे. कोंडाबाई गुडघ्याखाली दोन उशा घेऊन डोळे अर्धे मिटून पडल्या होत्या. प्रत्येक बाईकडे एकेक गोष्ट होती, कुणाची तरी आत्या लवकर उठली आणि तिचा पाय कायमचा कसा गेला याची. वॉकर कुठं दिसेना. तो कपाटामागं होता. दवाखान्यानं घ्यायला लावलेली कमोडची खुर्ची शेजारच्या शमीम आपांकडे नेऊन ठेवली होती, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मी उशा काढल्या तर एक बाई हळहळली आणि दुसरीनं त्या परत ठेवल्या. कोंडाबाई मला म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ द्या म्याडम. माणसं बसलीत."

पुढच्या खेपेलाही माणसं होती, त्याच्या पुढच्या खेपेलाही. कधी सासरकडची, कधी माहेरची, कधी नुसती ओळखीची, जीपनं आलेली. मी आल्यावर कोंडाबाई चार पावलं टाकायच्या, "आई गं" म्हणायच्या आणि परत आडव्या व्हायच्या. वाकण्याचं बरं चाललं होतं, पण गुडघा सरळ काही होईना. मी कोनमापक लावायचे, आकडा तिथंच. व्यायाम केले का विचारलं की पाहुण्यांकडे बघायच्या. तुमच्या डोळ्यांसमोर एक चांगला गुडघा रोज थोडा थोडा वाया जातो आणि तुम्हाला काही करता येत नाही, तेव्हा जो संताप येतो तो मला शब्दांत सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो संताप बाहेर पडला. खोलीभर बायका असताना मी म्हणाले, "तुम्हाला चालायचंच नाहीये. झोपून सेवा करून घ्यायचीय." एका म्हाताऱ्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच माणसांसमोर. कोंडाबाईंनी पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, लागलं म्हणजे आता तरी सुधारतील. त्या संध्याकाळी एकनाथचा फोन आला. रागात होतेच, त्याला सांगून टाकलं, की आई साथ देत नाहीत, त्या एकट्या राहू शकणार नाहीत, घेऊन जा. तो बरं म्हणाला. दोन वाक्यांत मी एका बाईचं घर बंद केलं आणि जेवायला बसले.

पुढच्या सोमवारी गेले तेव्हा शमीम आपा फाटकातच उभ्या होत्या. शेजारच्याच, कोंडाबाईंच्याच वयाच्या, दोघींच्या भिंतीला भिंत लागलेली. त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही. येत्या रविवारी एकनाथ टेम्पो घेऊन येणार होता, शेळ्यांना गिऱ्हाईक ठरलं होतं. शमीम आपा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, आप बोले ना बेटे को, के इनसे चलना नै होता? सुबू में आके देखो. बकरियां को चारा कौन डालता फिर?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पाच शेळ्या चार आठवडे जिवंत आहेत, अंगण झाडलेलं आहे, आणि मी दर खेपेला तिथून आत जाते. मला वाटायचं शमीम आपाच करत असतील. विचारलं मात्र कधी नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता गेले. स्कूटर लांब लावली. कोंडाबाई अंगणात होत्या. लुगड्याचा ओचा खोचलेला, वॉकरला फडक्यानं चाऱ्याची पाटी बांधलेली. वॉकर उचलायचा, टेकवायचा, पाय टाकायचा, पुन्हा वॉकर. टाच आधी टेकत होती, अगदी मी शिकवलं होतं तशी. शेळ्यांपुढं पाला टाकून झाला, पाणी झालं, मग आत जाऊन त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून चहा केला, आणि उभ्याउभ्याच, परातीवर, दोन भाकरी थापल्या. उभ्यानं भाकरी थापायला त्या आधी तयार नव्हत्या, अन्नाचा अपमान होतो म्हणायच्या. मी भिंतीआड उभी राहून उघड्या दारातून सगळं बघितलं. मग रस्त्यावर मोटारसायकल वाजली. त्या लगबगीनं खाटेपाशी गेल्या, वॉकर कपाटामागं गेला, उशी गुडघ्याखाली गेली आणि डोळे अर्धे मिटले. मोटारसायकल पुढं निघून गेली.

मी दारात जाऊन उभी राहिले. तुम्ही चालता, सगळं करता, आणि मला महिनाभर मूर्ख बनवता, असं मी बोलले. दिवसभर उशीवर पाय ठेवून तुम्ही स्वतःच्या हातानं गुडघा वाकडा केलात, हेही बोलले. ते खरंच होतं. सकाळच्या दीड तासात जे कमावलं ते दिवसभरच्या उशीनं घालवलं. तो गुडघा शेवटपर्यंत पूर्ण सरळ झाला नाही, आजही नाही. कोंडाबाईंच्या चालीत जी लचक आहे ती ऑपरेशनची नाही, पाहुण्यांची आहे. आणि माझी, कारण मी चारची वेळ कधी बदलली नाही.

त्यांनी माझं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "लोकं बघायला येतेत म्याडम. मी चहा टाकताना दिसले तर काय म्हणतील? लेक असून म्हातारीवर ही पाळी. एकनाथाचं नाव जातंय मग. तो चाकणला गेला तवाच आबा चारचौघांत बोलले व्हते, मायला टाकून गेला म्हणून."

आबा म्हणजे त्यांचे चुलत दीर, भावकीत ज्यांचा शब्द चालतो ते.

मी विचारलं, मग आता तो तुम्हाला घेऊन चाललाय त्याचं काय?

"तेच तर. मला नाय जायचं."

बाई मुलाचं नाव राखायला पडून राहिली, आणि मुलगा ती पडून आहे म्हणून तिला न्यायला निघाला. मध्ये बसून सफरचंदं सोलणाऱ्या एकाही माणसाला याची तोशीस नव्हती. मी सांगितलं, नाव आणि घर दोन्ही राहणार नाही, एकतर घर सोडा नाहीतर लोकांसमोर उठा. त्यांनी मान फिरवली.

घरी येऊन एकनाथला फोन केला. माझं चुकलं, आई उत्तम चालतात, मी डोळ्यांनी बघितलं. तो हसला, पण वाईट हसला. "म्याडम, तुमीच म्हणलाव की नाय जमायचं. म्या सगळ्या भावकीला सांगून बसलोय, मायला नेतो म्हणून. आता नाय नेलं तर म्हणतील, नुसता बोलला." म्हणजे आता नेणं हेही त्याच्या नावासाठीच होतं. आई आणि मुलगा दोघं एकच नाव दोन टोकांनी ओढत होते. चाकणच्या त्या घरात लिफ्ट नाही, हे त्यानंच मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. चौथ्या मजल्यावरून ही बाई पुन्हा खाली कधी उतरली असती, मला माहीत नाही.

रविवारी मी न बोलावता गेले. फाटकात टेम्पो होता. दोन गाठोडी बांधून दारात ठेवलेली, अंगणात खुर्च्या टाकून भावकी बसलेली, मधल्या खुर्चीत आबा. आत बायका. कोंडाबाई खाटेवर तशाच, उशीवर पाय, नजर पत्र्याकडे. मी सगळ्यांदेखत एकनाथला पुन्हा सांगितलं, की मी चुकीचं बोलले होते, तुमची आई एकटी राहू शकते. आबा आरामात म्हणाले, गेल्या आठवड्यात तर मॅडम उलटं बोलल्या होत्या, दवाखान्याच्या माणसांचं असंच असतं. दोनचार जण हसले. मी कोंडाबाईंकडे बघितलं. उठा, एवढंच म्हणाले. त्या हलल्या नाहीत.

मग मी पिशवी उचलली. मला त्या बाईचाही राग आला होता, हे लपवत नाही. मी उंबऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"एकनाथा, पाहुण्यांला चहा टाकते."

तो म्हणाला, राहू दे, शमीम आपा करतील. कोंडाबाई उठून बसल्या होत्या. उशी त्यांनी स्वतःच बाजूला टाकली आणि जवळच्या मुलीला कपाटामागून वॉकर काढायला सांगितला. ती मुलगी आपल्या आईच्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा मी जाऊन तो काढून दिला. खाटेपासून ओट्यापर्यंत अंतर फार नाही, पण सगळं अंगण दारात गोळा झालं होतं. कोंडाबाई चालल्या. टाच आधी, मग पाय, मग वॉकर. ओट्यापाशी पोचल्यावर एका हातानं त्याची कड धरली आणि पातेल्यात पाणी ओतलं. एक बाई मदतीला उठली, तिला त्यांनी बस म्हणून सांगितलं. साखर, पत्ती, दूध. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

आणि मग आबा बोलले, ज्याची कोंडाबाईंना महिनाभर भीती होती तेच. "बघ एकनाथा. लेक उभा हाय आन् म्हातारी पाहुण्यांला चहा करायलीय."

एकनाथची मान खाली गेली. कोंडाबाईंनी गॅस बंद केला. वळायला त्यांना वेळ लागला, वॉकर आधी फिरवावा लागतो.

"त्यानं मला टाकलं नाय," त्या म्हणाल्या. "मी ऱ्हायलेय. माझं घर हाय, माझी जितराबं हायेत. ज्याला नावं ठेवायचीत त्यानं मला ठेवावी. आन् बघायला यायचं तर आता चाऱ्याची पेंडी घेऊन या, सफरचंद नगं."

चहा एकनाथनं वाटला. स्वतः मात्र घेतला नाही. गाठोडी उचलून त्यानं परत आत ठेवली, शेळ्यांच्या गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नको म्हणाला. जाताना आईच्या पाया पडला, पण तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि पुढं कितीतरी दिवस बोलला नाही. टेम्पो रिकामा गेला. मुलाच्या त्या अबोल्याबद्दल कोंडाबाईंनी कुणाला दोष दिला नाही. मी देते. अंगणातल्या सगळ्या खुर्च्यांना देते, आणि त्या संध्याकाळी फोनवर जी दोन वाक्यं बोलले त्यांनाही देते. माझ्या नोंदीच्या कागदावर गुडघ्याचे अंश लिहायला जागा आहे, पण बाई कुणासाठी पडून आहे हे विचारायला नाही, आणि इतकी वर्षं ती जागा मी आखून घेतली नाही.

पाहुणे लवकर पांगले. घरात आम्ही दोघीच राहिलो, तेव्हा कोंडाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांचा पाय मांडीपासून कापायला लागला. गुडघा सुजून टम्म झाला होता. इतका वेळ एका जागी उभं राहायचं नसतं, तेही मीच शिकवलं होतं.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "आता खरंच दुखायलंय. जरा पडू का?"

पडा म्हणाले. दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक नवरा-बायको उतरले, लांबून आलेले दिसत होते, पिशवीत शहाळं. कोंडाबाईंला बघायला आलो, म्हणाले, कुठं झोपवलंय त्यांना?

"घरात नाहीत," मी म्हणाले. "चालायला गेल्यात."